एसटी, सायकल, लोकल आणि विज्ञानाचा तास

मुलांना गाड्या आवडतात हे सिद्ध करायला कुठल्या पाहणीची गरज नाही. ही आवड विज्ञानाच्या तासाला जुंपता येईल का, या प्रश्नामागे मात्र शिक्षणक्षेत्रातली मंडळी गेली पन्नास वर्षे लागलेली आहेत. नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट विद्यापीठात १९७२ ते १९८६ या काळात ‘प्लॉन’ नावाचा भौतिकशास्त्राचा शालेय अभ्यासक्रम घडवला गेला. त्यात ‘वाहतूक’ हा एक स्वतंत्र घटक होता, आणि बल व त्वरण या कल्पना तिथे रस्त्यावरच्या प्रश्नांतूनच पुढे येत. अमेरिकेत ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संघटनेने १९९० पासून ‘अ वर्ल्ड इन मोशन’ हा उपक्रम चालवला. त्यात मुले खेळण्यातल्या गाड्या बांधतात, पळवतात आणि सुधारतात. १९९७ मध्ये तिथल्या केंद्रीय वाहतूक खात्याने शाळकरी मुलांना या क्षेत्राकडे वळवण्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला आणि त्याला गॅरेट मॉर्गन यांचे नाव दिले. १९२३ मध्ये वाहतूक सिग्नलचे पेटंट मिळवणारे हे कृष्णवर्णीय संशोधक. ब्रिटनमधून ‘एफ-वन इन स्कूल्स’ या नावाने निघालेल्या स्पर्धेत मुले संगणकावर आराखडा करून चिमुकल्या रेसिंग कार शर्यतीत उतरवतात. आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅबमध्ये काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी रोबोगाडी हा तर ठरलेलाच प्रयोग. या सगळ्या उपक्रमांत मुले रमतात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो रमल्यानंतर काय उरते याबद्दल. उपलब्ध पुराव्याकडे एकत्र पाहिले तर माझ्या मते निष्कर्ष असा निघतो की, वाहतूक हा विज्ञान शिकवण्याचा उत्तम मार्ग आहे, पण दिपवून टाकणारी वाहने त्यासाठी फारशी कामाची नाहीत. मूल रोज ज्यातून जाते-येते ती एसटी, ती सायकल आणि ती लोकल जास्त कामाची आहे. अट एवढीच, की तिच्याबद्दलचे हिशेब मुलाने स्वतः मांडले पाहिजेत.

आधी आवडीविषयी. सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये आवड कशी वाढते याचे चार टप्पे मांडले. काहीतरी नवे दिसल्याने चाळवलेली आवड हा पहिला टप्पा. परिस्थिती अनुकूल असेतो टिकणारी आवड हा दुसरा. मूल स्वतःहून त्या विषयाकडे परत येऊ लागते तो तिसरा. आणि विषय त्याच्या स्वभावाचाच भाग होतो तो चौथा. या मांडणीतली महत्त्वाची गोष्ट अशी की पहिल्या टप्प्यावरून पुढचे टप्पे आपोआप गाठले जात नाहीत. शाळेत आलेली ड्रोनची फेरी, विज्ञान प्रदर्शनातली चुंबकीय रेल्वेची प्रतिकृती, बुलेट ट्रेनची चित्रफीत या गोष्टी पहिला टप्पा हमखास गाठून देतात, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. उपक्रमानंतर लगेच भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ‘मजा आली का?’ याला जवळजवळ सगळी मुले ‘हो’ म्हणणार. त्या उत्तरावरून उपक्रम यशस्वी झाल्याचा अहवालही लिहिता येतो. सहा महिन्यांनी त्यातले कोण पुन्हा त्या प्रश्नाकडे वळले, हे विचारणारा अहवाल क्वचितच निघतो.

व्यवहारातल्या संदर्भातून विज्ञान शिकवण्याच्या पद्धतीचा सर्वांत काटेकोर आढावा ज्युडिथ बेनेट, फ्रेड लुबेन आणि सिल्व्हिया होगार्थ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. आठ देशांतल्या १७ प्रायोगिक अभ्यासांची त्यांनी छाननी केली. निष्कर्ष दोन ओळींचा आहे: अशा पद्धतीने शिकलेल्या मुलांचा विज्ञानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारतो, आणि त्यांचे विषयाचे आकलन पारंपरिक पद्धतीने शिकलेल्या मुलांइतकेच असते. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. विरोधक म्हणतात, आकलन वाढत नसेल तर एवढा खटाटोप कशाला? समर्थक दुसरे वाक्य गाळून पहिलेच वाचून दाखवतात. नीट पाहिले तर यात सौदा फायद्याचा आहे. आकलनात काही गमवावे न लागता आस्था वाढत असेल, तर ते शाळेसाठी लहान यश नव्हे. पण वाहतुकीचे उदाहरण घेतले की न्यूटन आपोआप समजतो, असा दावा कोणी करत असेल तर त्याला या आढाव्यात आधार नाही.

याहून अडचणीचा पुरावा लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २००९ साली लुइझ आर्चर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ‘अ‍ॅस्पायर्स’ या प्रकल्पातून आला. इंग्लंडमधल्या १० ते १४ वयाच्या मुलांचा तो दीर्घकालीन अभ्यास. तिथल्या बहुसंख्य मुलांना विज्ञानाचा तास आवडतो असे दिसले. शास्त्रज्ञ व्हावेसे वाटणारी मुले मात्र जेमतेम १५ टक्के निघाली. म्हणजे आवडीचा तुटवडा नव्हताच. ‘हे काम माझ्यासारख्यांचे आहे’ असे वाटण्याचा तुटवडा होता. घरात, नात्यात, शेजारात असे काम करणारे कोणी दिसत नसेल तर आवड असूनही मूल त्या वाटेला जात नाही. नॉर्वेतून स्वाइन श्योबर्ग आणि कामिला श्राइनर यांनी चालवलेल्या ‘रोझ’ या सुमारे ४० देशांतल्या पाहणीतही एक उलटसुलट वाटणारे चित्र दिसले: देश जितका विकसित, तितकी तिथल्या १५ वर्षांच्या मुलांना शालेय विज्ञानाची ओढ कमी. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या शाळेत विज्ञानाविषयी औत्सुक्य नाही, ही समजूत त्यामुळे तपासून घ्यायला हवी. औत्सुक्य बहुधा असते. त्याला धरून पुढे जाण्यासारखी जागा आणि माणसे मिळत नाहीत. इथे वाहतुकीला रसायनशास्त्राच्या किंवा अणुविज्ञानाच्या उदाहरणांपेक्षा एक वेगळाच फायदा आहे: तिच्यात काम करणारी माणसे डोळ्यांसमोर असतात. औषधाचा रेणू घडवणारी बाई मुलाला कधी भेटत नाही. पण आगारातला मेकॅनिक, पंक्चर काढणारा, रुळांवरून हातोडा घेऊन चालणारा ट्रॅकमन, सिग्नलचा डबा उघडून बसलेला तंत्रज्ञ हे सगळे त्याच्या वाटेवरच असतात.

तिसरा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ख्रिस हुलमन आणि ज्युडिथ हाराकिविच यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक साधा प्रयोग मांडला. अमेरिकेतल्या नववीच्या २६२ विद्यार्थ्यांपैकी काहींनी शिकलेल्या भागाचा सारांश लिहायचा, तर काहींनी त्या भागाचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे हे लिहायचे, एवढाच फरक. ज्या मुलांना आपल्याला विज्ञान जमेल अशी फारशी आशा नव्हती, त्यांच्यात या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाने विषयाची आवडही वाढली आणि गुणही वाढले. इथे संबंध शिक्षकाने सांगितला नव्हता, पुस्तकाने चौकटीत छापला नव्हता. तो मुलाने स्वतः शोधून लिहिला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘दैनंदिन जीवनात उपयोग’ अशा चौकटी कमी नाहीत. मुले त्या पाठ करतात, कारण त्यावर एका गुणाचा प्रश्न येतो. उपयोग पाठ करायला लावणे यासारखा उलटा प्रकार दुसरा नसेल.

आता हे रोजच्या वाहतुकीत कसे दिसेल, हे एका उदाहरणात जरा खोलवर पाहू. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिला मागून जादा इंजिने लागतात. बँकर म्हणतात त्यांना. ही गोष्ट लाखो प्रवाशांनी पाहिली आहे, आणि कर्जतचा वडापाव हातात घेऊन बहुतेकांनी ती विसरूनही टाकली आहे. पण नववीच्या मुलाच्या हातात कागद-पेन्सिल दिली तर ती पुरा आठवडाभर पुरेल. पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते तेव्हा अडथळा फारच थोडा असतो. सपाटीवर सावकाश चालणारी गाडी ओढायला दर टनामागे साधारण दोन किलो वजनाइतके बल पुरते. हजार टनांच्या गाडीला दोन टन. कर्जतच्या पुढे लागणाऱ्या बोरघाटातला सर्वांत कडक चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. तिथे गुरुत्वाकर्षणच गाडीला मागे खेचते, आणि ते खेचणे हजार भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टन भरते. दोन टनांचे एकदम २९ टन झाले. आता दुसरी बाजू. इंजिन कितीही शक्तिमान असले तरी त्याची चाके रुळाला धरून ठेवतील तेवढेच ते ओढू शकते, आणि ही पकड इंजिनाच्या वजनावर अवलंबून असते. १२० टनांचे इंजिन कोरड्या रुळावर वजनाच्या पाव हिश्शाइतकी पकड मिळवते असे धरले तरी ३० टन झाले. पावसात रूळ ओले झाले की त्याहून कमी. खरी लांब पल्ल्याची गाडी हजार टनांहूनही जड असते. म्हणजे एका इंजिनाचे काम इथे भागत नाही, हे मुलाला कुणी सांगावे लागत नाही. त्याचा हिशेबच सांगतो. मग खरा मजेचा प्रश्न येतो: जादा इंजिने पुढे का लावत नाहीत? सगळी इंजिने पुढे लावली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा ताण येईल. मागून ढकलले की तो वाटला जातो, आणि कपलिंग तुटलेच तर सुटलेले डबे उतारावर मागे पळत नाहीत. घर्षण, बलाचे घटक, न्यूटनचा तिसरा नियम, पदार्थाची ताकद असे चार धडे एका थांब्यात आले.

हाच हिशेब पुढे इतिहासात आणि अभियांत्रिकीतही नेता येतो. बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. त्या काळच्या अभियंत्यांनी सह्याद्रीचा कडक चढ पत्करला, खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले, आणि ते १९२९ पर्यंत वापरात राहिले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली; तिथे चढ १:१५० च्या पुढे जाऊ द्यायचा नाही असे ठरवले होते. त्याच हजार टनांच्या गाडीला तिथे गुरुत्वाकर्षणाचे मागे खेचणे सातएक टनांत आटोपते, बँकर लागत नाही. पण त्याची किंमत म्हणून सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे खणावे लागले. त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६० मीटरहून उंच पूल उभारावा लागला. एका ठिकाणी बांधताना वाचवले आणि चालवताना दीडशे वर्षे मोजले. दुसऱ्या ठिकाणी बांधतानाच मोजले. अभियांत्रिकी म्हणजे सूत्रात आकडे घालणे एवढेच नसून कुठला खर्च कुणी, केव्हा सोसायचा हे ठरवणे, ही गोष्ट दहावीच्या वर्गाला या दोन मार्गांच्या तुलनेतून जितकी स्वच्छ कळेल तितकी कुठल्याही तयार संचातून कळणार नाही. कोकण रेल्वेचेच आणखी एक गणित इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हा मार्ग बराचसा एकेरी आहे. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन प्रत्येक गाडीची रेघ काढली, तर रेघेचा उतार म्हणजे वेग, आणि समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा जिथे छेदतात ते क्रॉसिंग. हा छेदनबिंदू स्टेशनवरच आला पाहिजे, नाहीतर अपघात. नियंत्रण कक्षात असेच आलेख वापरले जातात. नववीच्या बीजगणितातली दोन चलांतील रेषीय समीकरणे म्हणजे दुसरे काय? गणपतीत गाडी आडबाजूच्या स्टेशनात पाऊण तास का उभी राहते, याचे उत्तर त्या आलेखात आहे.

रस्त्यावरचा हिशेब याहून जीवनमरणाचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. मेलेल्यांत सर्वांत मोठा गट दुचाकीवरच्यांचा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर काहीतरी आले, हे लक्षात येऊन ब्रेक दाबायला एक सेकंद गेला तर गाडी १० मीटर गेलेली असते. नंतर ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे धरले तर थांबायला आणखी १० मीटर लागतात. एकूण २०. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ केला की प्रतिक्रियेचे अंतर २० मीटर, ब्रेकचे ४०, एकूण ६०. अंतर दुप्पटही झाले नाही आणि पुस्तकातल्या वर्गाच्या सूत्राप्रमाणे चौपटही नाही, तिप्पट झाले. का, हे मुलांनी वादावादी करून काढावे. मैदानावर चुन्याने ६० मीटरची रेघ आखावी, आणि एवढ्या अंतरात काही आडवे आले तर ते वाचणार नाही हे पाहावे. ‘वेगावर नियंत्रण ठेवा’ हे वाक्य रंगवलेल्या फलकाकडे त्यानंतर मुले निराळ्या नजरेने पाहतील. वर्षभरात लायसन्स काढण्याच्या वयाला पोचणाऱ्या मुलांना याहून उपयोगी भौतिकशास्त्र कोणते?

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो विषय जाणणाऱ्यांचाच आहे. रोजच्या प्रवासाचा अनुभव न्यूटनच्या नियमांना पोषक नसून उलट त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. पायडल मारणे थांबवले की सायकल थांबते. मग गती टिकवायला बल लागते, हे मुलाचे मत पक्के होणारच. १९८०च्या दशकात मायकेल मक्लॉस्की यांनी दाखवून दिले की महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलेले विद्यार्थीसुद्धा अशा कल्पना मनात बाळगून असतात. तेव्हा घर्षणाने बरबटलेली वाहने बाजूला ठेवून स्वच्छ, आदर्श उदाहरणांनीच शिकवावे, असे हे लोक म्हणतात. आक्षेप खरा आहे, उपाय चुकीचा. चुकीची कल्पना मुलाच्या डोक्यात वर्गात येण्याआधीच बसलेली असते. आदर्श उदाहरणांनी ती हलत नाही, फक्त परीक्षेपुरती झाकली जाते. तिला उघड्यावर आणायची तर तिच्या जन्मस्थानी, म्हणजे सायकलवरच जावे लागेल. त्याच रस्त्यावर चाकांत हवा कमी असताना आणि भरपूर असताना, डांबरावर आणि मातीत, पायडल थांबवल्यावर सायकल किती दूर जाते हे मोजले तर थांबवणारे काहीतरी बाहेरचे आहे, आणि ते कमी कमी करत नेता येते, हे दिसू लागते. आणि सायकलबद्दल सगळे कळून चुकले आहे असेही नाही. चालती सायकल पडत का नाही, याचे श्रेय अनेक वर्षे फिरत्या चाकांच्या भोवरापणाला आणि पुढच्या चाकाच्या कलत्या मांडणीला दिले जाई. २०११ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका शोधनिबंधाने हे दोन्ही परिणाम नसलेली सायकल बांधून दाखवली, आणि ती ढकलल्यावर आपली आपण तोल सांभाळत राहिली. दारात टेकवून ठेवलेल्या वस्तूबद्दलसुद्धा अजून वाद संपलेले नाहीत, हे मुलाला कळणे महत्त्वाचे.

दुसरा आक्षेप मुलींच्या बाजूने येतो, आणि तो टाळून चालणार नाही. गाड्या हा मुलग्यांचा प्रांत, तेव्हा वाहनांतून विज्ञान शिकवले की वर्गातल्या निम्म्या मुली मागच्या बाकावर जातील. जर्मनीतल्या कील येथील ‘आयपीएन’ या संस्थेत लोरे होफमान आणि पेटर होयस्लर यांनी केलेल्या अभ्यासांत याला आधार सापडतो. पंपाचे तत्त्व तेच, पण खनिज तेल उपसणारा पंप म्हटले की मुलींची रुची कमी, आणि रक्त पुढे ढकलणारे कृत्रिम हृदय म्हटले की जास्त. यातून मुलींना वाहतूक नकोच असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. मुलींना कुठली वाहतूक दाखवली जाते, हा खरा प्रश्न आहे. शर्यतीची गाडी, इंजिनाची अश्वशक्ती, कमाल वेग या भाषेत त्यांना जागा नाही. पण शाळेत पोचण्याचा प्रश्न मुलग्यांपेक्षा त्यांचाच जास्त आहे. महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास घेऊन आणि मानव विकासच्या बसमधून गावोगावच्या मुली शाळेत येतात. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देणे सुरू केले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार मुलींची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, त्यातही शाळा दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक. बस कुठे थांबावी, किती वाजता यावी, शेवटची फेरी चुकली तर काय, वस्तीवरचा अंधारा रस्ता कसा उजळावा हे सगळे मोजणीचे आणि आखणीचे प्रश्न आहेत, आणि त्यात मुलींना जास्त ठाऊक असते. शिवाय घाटाचाच धागा धरायचा तर, साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन रेल्वेत गेल्या, देशातल्या पहिल्या महिला इंजिनचालक झाल्या, आणि ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन याच बोरघाटातून उतरवली. त्याच घाटाच्या बांधकामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येताच वारला, तेव्हा काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुरे करवून घेतले. अशी नावे भिंतीवर टांगण्यापेक्षा हिशेबाच्या ओघात आली तर त्यांचा उपयोग होतो.

पैशाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि त्यातून काही शाळांत चांगले काम उभे राहिले आहे. पण संच जितका महाग तितका तो कुलपात राहण्याचा धोका मोठा, हे कुठलाही मुख्याध्यापक खासगीत कबूल करील. या देशात स्वस्त आणि हाताने करायच्या विज्ञानाची परंपरा जुनी आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम तीस वर्षे सरकारी शाळांत चालला. आयआयटीतून बाहेर पडून पुण्याच्या टेल्कोत नोकरीला लागलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये त्या कार्यक्रमात गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे काडेपेटीच्या काड्यांना जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महाराष्ट्रातल्या शहरी आणि आदिवासी भागांतल्या शाळांमध्ये आराखडा आणि तंत्रज्ञानाचे घटक करून पाहिले, त्यात वजन उचलणारी पवनचक्की मुलांनी स्वतः आखून बांधली. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून उभे आहे. सिग्नल आणि रुळांची गुंतागुंत एका नजरेत दाखवणारी इतकी चांगली जागा दुसरी सापडणे कठीण, फक्त तिथून आल्यावर मुलांनी काही काढले-लिहिले पाहिजे.

वाहनांच्या ओढीतून वाहन उद्योगाचेच फावते, मुले वेगाची आणि मोटारींची भक्त होतात, हा आक्षेपही ऐकू येतो. कंपनीने पुरवलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा घेतला तर तो खरा ठरेल, आणि म्हणून तो तसा घेऊ नये. वाहतुकीचे विज्ञान नीट शिकवले तर ते मोटारीच्या बाजूचे राहतच नाही. एका माणसाला एक किलोमीटर न्यायला सायकल, भरलेली एसटी, लोकल आणि एकटा बसलेला मोटारवाला प्रत्येकी किती ऊर्जा खातात, याची तुलना वर्गात मांडून पाहावी. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली आणि २०२२ मध्ये त्याच मार्गावर त्याच तारखेला विजेवरची ‘शिवाई’ निघाली. ती वीज कोळशातून आली तर धूर कमी झाला की फक्त जागा बदलली, हा प्रश्न मुलांना सोडवू द्यावा. अभियांत्रिकीच्या जागा भरण्यासाठी हा सगळा उद्योग आहे का, असेही कोणी विचारील. नाही. पदव्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. आपल्या गावातल्या उतारावर पाणी का साचते आणि गतिरोधक कुठे हवा, हे मोजून सांगू शकणाऱ्या माणसांचा आहे.

राहिला वेळेचा आणि परीक्षेचा प्रश्न. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ आहे, तेव्हा वर सांगितलेले जवळजवळ सगळे अभ्यासक्रमाच्या आतलेच आहे. बाहेरून आणायचे आहेत ते आकडे. मुलांना रस्त्यावर किंवा रुळांजवळ नेण्याचा धोका पत्करण्याचीही गरज नाही. वेळापत्रक, तिकीट आणि घाटाचा नकाशा वर्गात बसून वाचता येतो, आणि शिक्षकाला सुरुवातीला हिशेब जमला नाही तर तो मुलांबरोबर शिकू शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहे, आणि ते दिवस कुठे घालवायचे हे अनेक शाळांना सुचत नाही. एसटीची राज्यात सुमारे २५० आगारे आहेत. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. त्या दहांपैकी एक दिवस महामंडळाने आपल्या आगारांचे दरवाजे जवळच्या शाळांसाठी उघडावेत, मेकॅनिकने ब्रेकचा ड्रम उघडून दाखवावा, आणि मुलांनी परत आल्यावर काय मोजले ते स्वतःच्या भाषेत लिहावे. याला नवा निधी लागत नाही, शिक्षण खाते आणि परिवहन महामंडळ यांच्यात एक परिपत्रक लागते. ते या शैक्षणिक वर्षात निघावे.